तुळसाक्काची सही

"तम्मा, हे कार्ड आहे की नवरदेव?"

प्रयोगशाळेचं दार अर्धवट उघडून तुळसाक्कानं हात बाहेर काढला, मी लिहिलेली दोन पानं माझ्या छातीवर टेकवली आणि दार लावून घेतलं. पानांवर पेन्सिलीच्या इतक्या रेघा होत्या की माझा मजकूर गजांआड बसल्यासारखा दिसत होता. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो. डोक्यावरचे केस निवृत्त झाले होते, पोट बढतीवर होतं, आणि पुण्यात मला नावानं हाक मारतानाही लोक दोनदा विचार करत. इथं एक बाई मला कन्नडमध्ये 'धाकट्या भावा' म्हणत होती आणि तेही दार लावता लावता.

मी बेंगळुरूला आलो तो शब्दांवर पोट भरायला. सर्जापूर रोडवरच्या आमच्या कंपनीत सर्व्हरमध्ये बसवायची कार्डं बनत. प्रत्येक कार्डाची दोन पानी ओळख लिहायची, तिला 'ओव्हरव्ह्यू' म्हणायचं आणि महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा, हे माझं काम. कार्डाचं पूर्ण नाव फायबर चॅनल होस्ट अडॅप्टर. हे नाव मी लग्नाकार्यात उच्चारलं की समोरचा माणूस जिलेबी आणायला उठतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून ते काय असतं हे मी माझ्या शब्दांत सांगत नाही. त्या दिवशी मी दार ठोठावून आत गेलो आणि विचारलं, तेव्हा अक्कानं जे सांगितलं तेच सांगतो.

"सर्व्हर विचार करतो. डिस्कचं कपाट आठवण ठेवतं. दोघं वेगळ्या खोल्यांत राहतात. मध्ये केसाएवढी काचेची तार, तिच्यातून उजेड पळतो, उजेडाच्या पाठीवर माहिती. सर्व्हरच्या बाजूला ह्या उजेडाला आत-बाहेर सोडणारा जो दरवाजा, ते हे कार्ड. झालं. ह्यात 'क्रांतिकारी' कुठून आणलंस?"

मी 'क्रांतिकारी' तीनदा आणलं होतं. मूळ मजकूर अर्थात इंग्रजीत होता, पण अक्काचे शेरे मराठीत असायचे. 'क्रांतिकारी'पुढे तिनं लिहिलं होतं, 'कुणाविरुद्ध?'

पहिले काही दिवस मी तिला 'मॅडम, तुम्ही' म्हणत असे. ती ओ देत नसे. शेवटी एकदा म्हणाली, "आमच्यात मोठीला अक्का म्हणतात. आणि अक्काला कोण तुम्ही म्हणतं रे? पुण्यात म्हणतात काय?" तेव्हापासून ती अक्का, मी तम्मा.

तुळसाबाई मोहिते. घर येलहंक्यात, शहराच्या उत्तर टोकाला. तिचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि, तिच्याच शब्दांत, "परत जायचं विसरले." तिच्या मराठीत 'स्वल्प थांब', म्हणजे जरा थांब, आणि 'सरी', म्हणजे बरं, हे अशा सहजतेनं यायचं की वर्षभरानं मी पुण्याच्या दुकानदाराला 'स्वल्प कमी करा' म्हणालो, आणि त्यानं ते कमी केलं नाही ते केलंच नाही, वर मला वेड्यातही काढलं.

दिसायला बुटकी, ठेंगणी, ठाशीव. सुती साडी, तिच्यावर प्रयोगशाळेचा निळा कोट. आत शिरताना हातातल्या बांगड्या काढून दाराशी ठेवायच्या आणि मनगटाला तो पट्टा बांधायचा, ज्याची वायर जमिनीला जोडलेली असते. माणसाच्या अंगावरच्या स्थिर विजेची बारीकशी ठिणगीसुद्धा कार्ड मारू शकते, म्हणून हा पट्टा. तपासणीला आलेले साहेबलोक पट्टा बांधायला कंटाळत. अक्का त्यांना काही बोलत नसे. कार्ड उचलून पाठीमागे धरायची आणि कोऱ्या चेहऱ्यानं उभी राहायची, भिकाऱ्यापासून डबा लपवावा तशी. मग साहेब निमूट मनगट पुढे करत.

काचेच्या तारांच्या टोकांना धूळ लागू नये म्हणून छोट्या प्लॅस्टिकच्या टोप्या असतात. तार काढली की टोपी घालायची, हा नियम सगळ्यांना माहीत आणि पाळणारी एकटी अक्का. एक उघडं टोक दिसलं तरी ती सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "हे उघड्या डोक्यानं कोण सोडलंय? कुणाचं पोर हे?" चाळीस इंजिनियर माना खाली घालून कळफलक बडवत बसायचे. कुणीतरी एक उठून, कान पकडून, टोपी घालून यायचा.

आणि तिची कालगणना! ह्या कार्डांचा वेग दर पिढीला दुप्पट होतो. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. अक्का पहिल्या पिढीपासून ह्या धंद्यात. त्यामुळे तिच्या आयुष्यातल्या घटनांना सन नव्हते, वेग होते. "आम्ही घर बांधलं तेव्हा आठचं कार्ड चालू होतं." "मोठीचं लग्न सोळात झालं." एकदा नवऱ्याबद्दल म्हणाली, "ते बत्तीस सुरू व्हायच्या आधी गेले," आणि लगेच कार्डाच्या स्क्रूकडे वळली. मला सन काढायला जरा वेळ लागला. तेवढ्यात सांत्वनाची वेळ निघून गेली होती. बहुधा तिला तेच हवं होतं.

मी आलो तेव्हा चौसष्टचं नवं कार्ड बाजारात जायचं होतं, आणि अक्का साठीला टेकली होती. साठीला निवृत्ती. उत्पादनाच्या प्रमुखानं शिफारस केली तर एक वर्ष वाढवून मिळे. अक्कानं तो अर्ज दिला होता. सगळ्या नोकरीत तिनं स्वतःसाठी केलेला हा पहिलाच अर्ज, असं तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना ती चक्क लाजली.

"एकशे अठ्ठावीसचं पहिलं कार्ड पुढच्या वर्षी येणार तपासायला," ती म्हणाली. "एकापासून सगळी ह्या हातांतनं गेली. हे एक बघते, मग जाते. घरी काय, तुळशीला पाणी घालायचं. तुळशीनंच तुळशीला किती घालायचं?"

शिफारस करणार होते खन्ना साहेब. गोरेपान, गोड बोलणारे, सतत कुठल्यातरी विमानातून नुकतेच उतरल्यासारखे. अक्काला ते 'अक्का जी' म्हणत.

अक्काची परीक्षा मी घ्यावी इतका मी मोठा नाही, पण ती काय चीज आहे हे मला कळलं ते एका फोनवरून. कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्याचा फोन आमच्या मदत विभागात आला. बोलणारा मराठीखेरीज कुठल्याच भाषेत रागावू शकत नव्हता, म्हणून फोन अक्काकडे आला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"अवो बाई, कार्ड जळालं म्हनून तुमचंच नवं घातलंय. दिवा लागतोय, पर डिस्क काय दिसंना! काट्यावर उसाच्या गाड्या उभ्या हाईत रांगंनं. बैल बी माझ्याकडं बघाय लागल्यात!"

"अण्णा, स्वल्प थांबा. घरात सून नवी आलीय ना?"

"कुणाच्या?"

"तुमच्या सर्व्हरच्या. जुनं कार्ड गेलं, नवं आलं. पण रेशन कार्डावर नाव घातलं का तिचं?"

ही गंमत नव्हती. अशा प्रत्येक कार्डाला कारखान्यातच एक लांबलचक नंबर मिळतो. जगात दुसऱ्या कुणाचा नसतो तो. डिस्कचं कपाट त्या नंबरावरून ओळखतं, हा आपला की परका. कार्ड बदललं की नंबर बदलतो, आणि नव्या नंबराची नोंद करायची राहिली की कपाट दार उघडत नाही. अगदी बरोबर वागतं ते. अनोळखी बाईला घरात कोण घेईल?

अक्कानं त्या गृहस्थाला कार्डावरचं लेबल वाचायला लावलं. एकेक अक्षर, एकेक आकडा. तो वाचायचा, ती मागे म्हणायची, मग पुन्हा त्याच्याकडून म्हणवून घ्यायची. "बाई, शाळेत बी एवढं घोकलं नाय," तो म्हणाला. "म्हणून तर आज घोकताय," अक्का म्हणाली. पाऊण तासानं पलीकडून एकदम आरडाओरडा झाला. मला वाटलं, कुणीतरी पडलं. तो आनंद होता. काटा सुरू झाला होता. त्या माणसानं पुढे दोन किलो गूळ पाठवला. कंपनीच्या नियमांप्रमाणे भेट घेता येत नाही, म्हणून अक्कानं तो सगळ्या मजल्याला वाटला. मला सगळ्यात मोठा खडा मिळाला हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता त्या वाक्याकडे येतो. ते वाक्य, लाज बाळगून सांगतो, माझं होतं.

नव्या कार्डाला दोन पोर्ट होते, म्हणजे काचेची तार जोडायची दोन तोंडं. मी पहिल्या पानावर ऐटीत लिहिलं, 'एकाच कार्डात दोन स्वतंत्र वाटा : एक बंद पडली तरी काम चालूच.' खन्ना साहेब वाचून इतके खूश झाले की त्यांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत, चौकटीत टाकायला सांगितलं. लहान गिऱ्हाइकांच्या सर्व्हरमध्ये एकाच कार्डाला जागा असते. त्यांना हे वाक्य ऐकायचंच होतं.

अक्कानं त्याच्यावर रेघ मारली नाही. पान उलटं करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "चल, चहा पिऊ." तिनं स्वतःहून चहाला बोलावलं म्हणजे काहीतरी गंभीर, एवढं मला कळत होतं.

"दोन्ही पोर्ट एकाच चिपवर आहेत," ती कँटीनमध्ये म्हणाली. "तार तुटली तर दुसरी तार आहे. चिप गेली तर? एका घराला दोन दारं आहेत म्हणून दोन घरं होतात काय? खरंच दोन वाटा हव्या असतील तर दोन कार्डं लागतात."

"पण चिप कितीदा जाते, अक्का?"

"एकदा."

मग तिनं सांगितलं. दोनचं कार्ड चालू होतं तेव्हाची गोष्ट. ती तेव्हा गिऱ्हाइकांकडे जाऊन कार्डं बसवत असे. एका इस्पितळात तिनं एक कार्ड बसवलं, दोन तारा जोडल्या आणि तिथल्या माणसानं विचारलं, "मॅडम, दुसरं कार्ड लागेल का?" ती म्हणाली, "दोन तारा आहेत. निश्चिंत राहा."

"हेच शब्द, तम्मा. 'निश्चिंत राहा.' फार ऐटीत म्हणाले होते. पाच-सहा महिन्यांनी चिप गेली. दोन्ही दिवे एकदम. डोक्याचे फोटो काढलेला एक माणूस टेबलावर झोपवलेला, आणि डॉक्टरांना फोटो उघडेनात. मी पोचून कार्ड बदलेपर्यंत तो तसाच पडून होता. भूल दिलेला."

"मग?"

"वाचला. मला कुणी बोललंसुद्धा नाही. ती मशीनची चूक आहे म्हणाले." तिनं कपबशी बाजूला सारली. "मशीन कधी म्हणालं होतं निश्चिंत राहा म्हणून?"

ओव्हरव्ह्यू छापायला जायचा तर त्यावर प्रयोगशाळेची सही लागे. प्रयोगशाळेची सही म्हणजे अक्काची. ती म्हणाली, हे वाक्य आहे तोवर सही नाही. खन्ना साहेबांनी बैठक बोलावली. सकाळी अकराची. मी कोपऱ्यातली खुर्ची पकडली आणि वहीत फार मन लावून एक चौकोन काढायला घेतला.

अक्का ढकलगाडीवर सर्व्हर घेऊनच आली. एक कार्ड, दोन तारा. पडद्यावर कसलीशी मोठी फाइल चालली होती, हिरवी पट्टी पुढे सरकत होती.

"साहेब, तुम्हाला आवडेल ती तार काढा."

खन्ना साहेबांनी एक तार उपसली. पट्टी क्षणभर अडखळली आणि पुढे चालू लागली. साहेबांनी टाळी वाजवली. "देखा? यही तो लिखा है!"

अक्कानं आधी त्या उपसलेल्या तारेला टोपी घातली. मग टोपी काढून तार परत जोडली, दोन्ही दिवे लागल्याचं सगळ्यांना दाखवलं आणि कळफलकावर एक ओळ टाइप केली. चिप थांबवण्याची. दोन्ही दिवे एकदम विझले. हिरवी पट्टी थांबली. सर्व्हरचे पंखे तेवढे घोंघावत राहिले.

"ये तो आपने खुद बंद किया, अक्का जी," खन्ना साहेब हसले. "ऐसे थोडे ही होता है."

"हो, मी केलं. सांगून केलं," अक्का शांतपणे म्हणाली. तिचं हिंदी मराठीवरून चालत यायचं, म्हणून मी ते मराठीतच सांगतोय. "ते जेव्हा स्वतः होतं तेव्हा सांगून होत नाही."

साहेब तडजोडीला तयार झाले. वाक्य चौकटीत राहू दे, खाली बारीक अक्षरांत तळटीप देऊ. अक्का म्हणाली, "लाज वाटते ते खाली लिहितात. लाज वाटत असेल तर वर का लिहायचं?" मी चौकोनाला दुसरा चौकोन जोडला. ते वाक्य माझं आहे, मी आत्ता बदलतो, एवढं म्हणायला तोंड उघडायचं होतं. उघडलं, आणि त्यातून एक विनोद बाहेर पडला. 'साहेब, अक्कालाच चौकटीत टाकू या,' असं काहीतरी. सगळे हसले. अक्काही हसली. विनोद वाईट नव्हता, ह्याचंच मला अजून वाईट वाटतं.

मग खन्ना साहेबांनी फाइलमधून दोन कागद काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक ओव्हरव्ह्यूचा सहीचा कागद. दुसरा अक्काच्या वाढीव वर्षाचा, शिफारशीची जागा रिकामी. "दोनों आज ही निपटा देते हैं," ते गोडपणे म्हणाले. धमकी म्हणावी असं त्यात एक अक्षरही नव्हतं.

अक्कानं चष्मा लावला. दोन्ही कागद पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचले. तिला वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेतला, आणि बैठकीतले आम्ही सात जण तेवढा वेळ आपापल्या बोटांकडे बघत बसलो. मग तिनं दोन्ही कागद नीट जुळवून साहेबांकडे सरकवले.

"माझा अर्ज तुमच्यापाशी राहू दे. वाक्य बदललं की मला हाक मारा. मी खालीच आहे."

ढकलगाडी घेऊन ती गेली. एक चाक कुरकुरत होतं.

तीन दिवसांनी छपाईची तारीख गळ्याशी आली आणि साहेबांनी मला हाक मारली. "लिख दो जो वो चाहती हैं." मी चौकट काढली. तिच्या जागी साध्या अक्षरांत लिहिलं : 'दोन्ही पोर्ट एकाच चिपवर आहेत. काम थांबून चालणार नसेल तिथे दोन कार्डं वापरावीत.' 'क्रांतिकारी' तिन्ही काढले. अक्कानं वाचलं, सही केली, खाली तारीख घातली आणि सहीवर फुंकर मारली. बॉलपेनची सही, वाळायचं काही नव्हतं त्यात.

वाढीव वर्षाच्या अर्जाची फाइल 'वर पाठवली' होती. ती वरून कधीच खाली आली नाही. नकारही आला नाही. आमच्या कंपनीत कुणाला नाही म्हणत नसत. अक्का रोज सकाळी येऊन मेल उघडायची, बघायची, बंद करायची आणि पट्टा बांधायची. शेवटचा महिना उजाडला तेव्हा तिनं मेल बघणं सोडून दिलं आणि एकशे अठ्ठावीसच्या कार्डासाठी तपासणीची यादी लिहायला घेतली. कुणीतरी दुसरं ती वापरणार, हे माहीत असून. बावीस पानं झाली. मी म्हटलं, "अक्का, कार्ड अजून जन्माला यायचंय."

"बाळंतविडा आधीच शिवतात, तम्मा."

शेवटच्या दिवशी केक झाला, शाल झाली, खन्ना साहेबांचं सुंदर भाषण झालं. दुपारी चारला मी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. ऑफिसची गाडी तिनं नाकारली. "इतकी वर्षं बसनं आले, आज काय पालखी?" छपाई रखडत रखडत ओव्हरव्ह्यूच्या छापील प्रती नेमक्या त्याच सकाळी आल्या होत्या. त्यातली पहिली मी तिला दिली. काय बोलावं हे मला सुचत नव्हतं, म्हणून मी अखंड बोलत होतो. बस आली. ती एसी बस होती, काचा बंद. अक्का चढली, खिडकीशी बसली, पिशवीतून चष्मा काढला आणि ती दोन पानं वाचायला लागली.

बस सुटता सुटता तिनं काच वाजवली. दुसरं पान काचेला लावून एका ओळीवर बोट ठेवलं. काहीतरी म्हणत होती. मला बोट दिसलं, ओळ दिसली नाही. बस वाहनांच्या गर्दीत शिरली.

मी धावत परत आलो. पाच हजार प्रती छापून झाल्या होत्या. दुसरं पान उघडून बसलो. तापमान, वजन, लांबी, कुठल्या सर्व्हरला चालतं. एकेक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहिला. एकदा, दोनदा, चारदा. काहीच सापडेना. शेवटी फोन लावला.

"अक्का, कुठं चुकलंय?"

"कुठं नाही."

"मग बोट कशावर ठेवलं होतंस?"

"छापायला देण्याआधी शेवटचं वाचलं होतंस ते पान?"

पहिल्या पानाच्या भांडणात दुसरं पान मी तसंच पाठवलं होतं. अक्का वाचते, हे माहीत होतं ना.

"आता किती वेळा वाचलंस?"

"चार."

"सरी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पुढच्या कार्डाच्या वेळी हे आधी करायचं, तम्मा. तिथं मी नसणार."

तेवढ्यात पलीकडे कंडक्टर आला असावा. अक्कानं फोन मांडीवर ठेवला असावा, पण तो बंद करायला ती विसरली. बसचं मागचं दार नीट मिटत नाही, रबर निघालंय, फट राहते, कुणाचा पदर अडकेल, असं ती त्याला कन्नडमध्ये सांगत होती. "नाळे नोडोणा अम्मा," तो म्हणाला. उद्या बघू. "नाळे बेडा," अक्का म्हणाली, "ईगले नोडी." आत्ताच बघा. मग पायांचा आवाज आला. ती जागेवरून उठून त्याला दार दाखवायला मागे निघाली होती. मांडीवरचा फोन सीटवर पडला, आणि मी तो कानाशी धरून बराच वेळ बसच्या इंजिनाचा आवाज ऐकत राहिलो. त्यात लांबून, कुठलातरी स्क्रू कसा फिरवायचा हे सांगणारा तिचा आवाज येत होता.